अडुळसा सूक्ष्मदर्शकाखाली

खोकल्याचं औषध मागायला मेडिकल स्टोअरमध्ये गेलात तर काउंटरवर तीन तऱ्हेच्या बाटल्या येऊ शकतात. पहिली वासारिष्टाची, जुन्या ग्रंथातल्या पाठाप्रमाणे केलेली. दुसरी एखाद्या कंपनीच्या आयुर्वेदिक कफ सिरपची. तिच्या लेबलवर अडुळसा, तुळस, ज्येष्ठमध, बेहडा अशी नावं आणि प्रत्येकापुढे मिलिग्रॅमचा आकडा. तिसरीवर ब्रोमहेक्सिन किंवा ॲम्ब्रॉक्सॉल छापलेलं असतं, झाडापाल्याचा उल्लेखही नसतो. तिन्हींची मुळं मात्र एकाच झुडपाशी जातात, आणि ते झुडूप शेताच्या बांधावर, परसात, कुंपणाला कुणीही न विचारता वाढत असतं.

पानापासून बाटलीपर्यंत जायचे हे तीन रस्ते फार्मसीच्या विद्यार्थ्याला शिकावे लागतात. डी. फार्म.ला पहिल्याच वर्षी खोकल्यावरच्या वनस्पतींत अडुळसा भेटतो. बी. फार्म.ला चौथ्या आणि पाचव्या सत्रात फार्माकॉग्नोसी आणि फायटोकेमिस्ट्री असते, सहाव्यात हर्बल ड्रग टेक्नॉलॉजी. मुलांमध्ये फार्माकॉग्नोसीची, म्हणजे औषधी वनस्पती ओळखण्या-तपासण्याच्या विषयाची, ख्याती फारशी चांगली नाही. पुढे गोळ्या बनवायच्या किंवा दुकान चालवायचं, तर पानांच्या आकृत्या जर्नलमध्ये रंगवत कशाला बसायचं, असं त्यांना वाटतं. माझ्या मते हा विषय आकृत्यांचा नाहीच. तो शंका घेण्याचा विषय आहे. समोरचा पाला खरंच अडुळशाचा आहे का? त्यात जे असायला हवं ते आहे का, आणि किती आहे? ते अंगात गेल्यावर सांगितलं जातं ते काम करतं का? प्रश्न याच क्रमाने विचारायचे असतात. पहिल्याचं उत्तर चुकलं की पुढची दोन्ही वाया जातात.

तेव्हा पहिला प्रश्न. अडुळशाची पानं समोरासमोर येतात, लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, चुरगळली तर एक उग्रसा वास येतो आणि चव कडूजहर. फुलं पांढरी, खालच्या पाकळीवर जांभळट-गुलाबी रेघा. या कडवटपणामुळे शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत, म्हणून तर ते कुंपणाला चालतं. झाड समोर उभं असेल तर ओळखण्यात काही अवघड नाही. पण संशोधन करायचं असेल तर ‘मला ओळखू येतं’ एवढ्यावर भागत नाही. फुलांसकट फांदी तोडायची, वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, खाली ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव लिहायचं. ही झाली हर्बेरियम शीट. ती घेऊन पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत जायचं, मुंबईकर असाल तर सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये. तिथला वनस्पतिशास्त्रज्ञ तपासून शास्त्रीय नावाचा दाखला देतो: जस्टिशिया अधाटोडा, जुन्या पुस्तकांत अधाटोडा वसिका. एम. फार्म.च्या प्रबंधात हा दाखला जोडलेला नसेल तर परीक्षक पुढची पानं फार आस्थेने उलटत नाही.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, ते अशोकाच्या उदाहरणावरून कळतं. औषधात हवी असते सराका असोका या झाडाची साल. आपल्याकडे सोसायट्यांच्या कंपाउंडला लागून सरळसोट वाढणारा जो ‘अशोक’ असतो तो पॉलिअल्थिया, त्याचा खऱ्या अशोकाशी नात्याचाही संबंध नाही. तरी त्याची साल बाजारात अशोकाची म्हणून खपते. ब्राह्मीचंही तसंच: कुणी बकोपा देतो, कुणी मंडूकपर्णी, आणि दोघंही आपलीच खरी म्हणून सांगतात. यात प्रत्येक वेळी लबाडी असते असं नाही. प्रदेशागणिक एकाच नावाने वेगळी झाडं ओळखली जातात, आणि जंगलातून माल गोळा करणाऱ्यापासून कारखान्याच्या गोदामापर्यंत तो इतक्या हातांतून जातो की मूळ झाड कुणालाच आठवत नाही.

कारखान्याच्या गोदामात तर झाड नसतंच, पोती असतात. पोत्यात वाळलेला, चुरा झालेला, तपकिरी-हिरवा पाला. कधी नुसती पावडर. आता फूल नाही, फांदीवरची पानांची मांडणी नाही, वासही उडालेला. इथे सूक्ष्मदर्शक कामाला येतो, आणि जर्नलमधल्या त्या आकृत्यांचा उपयोग कळतो.

आधी ताज्या पानावर हात बसवायचा. पान इतकं मऊ असतं की ब्लेडखाली नुसतं धरलं तर वाकतं, म्हणून बटाट्याच्या फोडीला चीर देऊन त्यात पानाचा मधल्या शिरेजवळचा तुकडा अडकवतात आणि बटाट्यासकट पातळ काप घेतात. दहा-वीस कापांतला सर्वांत पातळ, जवळजवळ पारदर्शक निघालेला एक उचलायचा. पावडर असेल तर चिमूटभर घेऊन क्लोरल हायड्रेटच्या द्रावणात गरम करायची. क्लोरल हायड्रेट हिरवा रंग आणि स्टार्च वगैरे घालवतं आणि पेशींच्या भिंती स्वच्छ दिसू लागतात. घाईत जास्त तापवलं की थंड होताना क्लोरलचेच सुईसारखे स्फटिक स्लाइडभर पसरतात, आणि नवखा विद्यार्थी आनंदाने त्यांची आकृती काढून ‘कॅल्शियम ऑक्झलेट’ असं लिहून मोकळा होतो. शेवटी ग्लिसरीनचा थेंब टाकला तर हा घोळ टळतो.

मग काय बघायचं? आधी पर्णरंध्रं. पानाच्या श्वासाच्या या छिद्रांभोवती शेजारच्या पेशी कशा मांडल्या आहेत यावरून वनस्पतीचं घराणं बऱ्याच अंशी कळतं. अडुळशाच्या प्रत्येक रंध्राला दोनच शेजारपेशी असतात आणि त्यांची सामाईक भिंत रंध्राच्या लांबीला काटकोनात येते. सोनामुखीत दोनच असतात पण त्या रंध्राला समांतर. धोत्र्यात तीन असतात आणि त्यांतली एक बाकीच्या दोघींहून लहान. एकदा नजर बसली की हा फरक चुकत नाही. दुसरी खूण केसांची. एक ते तीन पेशींचे, भिंतीवर बारीक पुटकुळ्या असलेले साधे केस आणि त्यांच्याबरोबर देठ नसलेल्या, चपट्या डोक्याच्या ग्रंथी. तिसरी खूण अडुळशाची खरी ओळख पटवते: सिस्टोलिथ. पेशीच्या आत साठलेले कॅल्शियम कार्बोनेटचे लांबट, खडबडीत दगड. अडुळशाच्या कुळातल्या पुष्कळ वनस्पतींत ते असतात. अडुळशात मिसळला जाणारा महारुखाचा पाला घ्या, त्यात नसतात.

इथे एक गंमत आहे, आणि व्हायवाला ती हमखास विचारली जाते. पानातल्या काष्ठमय पेशी दिसाव्यात म्हणून फ्लोरोग्लुसिनॉल आणि तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल टाकतात. मग पाणी वाहणाऱ्या नळ्या गुलाबी-लाल होतात. पण तेच आम्ल कॅल्शियम कार्बोनेट खाऊन टाकतं. बुडबुडे येतात आणि सिस्टोलिथ नाहीसे होतात. म्हणजे एकाच स्लाइडवर दोन्ही शोधायला गेलात तर अडुळशाला अडुळसा नाही म्हणून ठरवाल. स्लाइड दोन करायच्या. त्या बुडबुड्यांचा उलटा फायदाही आहे: ऑक्झलेटचे स्फटिकही या आम्लात विरतात, पण बुडबुडे न सोडता, आणि ॲसेटिक आम्लाने तर त्यांना काहीच होत नाही. दिसलेला खडा कुठल्या क्षाराचा, हे अशा दोन थेंबांवर ठरतं.

कोवळं पान आणि जून पान यांत रंध्रांची दाटी वेगळी असते, कारण पान वाढताना पेशी ताणल्या जातात आणि रंध्रं एकमेकांपासून लांब जातात. म्हणून एका चौरस मिलिमीटरमध्ये रंध्रं किती या आकड्यावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. त्याऐवजी बाह्यत्वचेच्या एकूण पेशींत, रंध्रं धरून, शेकडा किती रंध्रं आहेत हे मोजलं तर आकडा त्या जातीपुरता बऱ्यापैकी स्थिर राहतो. साधी गोष्ट आहे, पण कुठली मोजणी वयावर अवलंबून आणि कुठली नाही, हा विचार पहिल्यांदा इथे करावा लागतो. याहून चिकाटीचा प्रकार लायकोपोडियमचा. या वनस्पतीचे बीजाणू आकाराने इतके सारखे असतात की 1 मिलिग्रॅममध्ये सरासरी 94,000 भरतात, असं गणित मांडलेलं आहे. संशयित पावडरीत ते वजन करून मिसळायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू व पावडरीतले विशिष्ट कण शेजारीशेजारी मोजायचे. गुणोत्तरावरून भेसळ किती ते निघतं. डोळे दुखेपर्यंत बसावं लागतं.

आता डीएनए बारकोडिंग आलेलं असताना हे सगळं कशाला, असा आक्षेप रास्त आहे. वाळलेल्या पानाची जात डीएनएवरून झटकन कळते. पण काढा उकळून, गाळून, आटवून केलेल्या अर्कात डीएनए तुकडे होऊन गेलेला असतो किंवा उरतच नाही, आणि पानांत देठं व माती किती मिसळली आहे हे डीएनए सांगत नाही. ते सांगतात राखेच्या चाचण्या. ठरावीक वजनाचा पाला मुशीत जाळायचा, राख तोलायची, मग ती आम्लात उकळून जे विरघळत नाही ते पुन्हा तोलायचं. न विरघळणारा भाग म्हणजे मुख्यतः वाळू. रस्त्याकडेच्या कुंपणावरून न धुता तोडलेल्या पाल्यात तो वाढतो. रस्त्याकडेच्या पाल्याची याहून गंभीर भीती जड धातूंची. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेनुसार शिसं दहा लाखांत 10 भाग, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 भागांपलीकडे असू नये. आर्द्रता, अर्काचं प्रमाण वगैरे आणखी आकडे असतात. ते यंत्रवत काढले जातात, आणि तसेच काढावेत.

पाला खरा निघाला. आता दुसरा प्रश्न: त्यात आहे काय?

घरात अडुळशाची पानं आधी वाफवतात आणि मग रस पिळतात, कारण कच्च्या पानाचा रस सहज निघत नाही. वैद्यकात याच हेतूने पुटपाकाची रीत आहे. शार्ङ्गधरसंहितेप्रमाणे काढा करायचा तर औषधाच्या सोळापट पाणी घालून आठवा भाग उरेपर्यंत आटवायचं. अरिष्टात याच काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून आंबवतात. त्यात आपोआप तयार झालेलं मद्य पाण्यात न उतरलेलं काही ओढून घेतं आणि औषध टिकवतंही. ही सगळी निष्कर्षणाची तंत्रंच आहेत. सहाव्या सत्रात अरिष्ट, आसव, लेह, चूर्ण, गुटिका हे प्रकार शिकवतात ते इतिहास म्हणून नव्हे. त्यातला द्रावक कोणता आणि तो काय काढतो हे कळावं म्हणून.

प्रयोगशाळेतला रस्ता जरा वेगळा, आणि मला तो फार्मसीतल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटतो. अडुळशाचं मुख्य द्रव्य व्हॅसिसिन हे अल्कलॉइड आहे, म्हणजे नायट्रोजन असलेलं अल्कधर्मी संयुग. पानात ते मोकळं नसतं, वनस्पतीतल्या आम्लांबरोबर क्षाराच्या रूपात असतं, आणि क्षार पाण्यात विरघळतो. काढ्यात ते उतरतं ते त्यामुळेच. आता पावडर अमोनियाने ओली केली की अमोनिया त्या क्षारातून अल्कलॉइडला मोकळं करतो. मोकळं अल्कलॉइड पाण्यात फारसं विरघळत नाही, क्लोरोफॉर्ममध्ये मात्र छान विरघळतं. म्हणून क्लोरोफॉर्मने ते धुऊन काढायचं. पण क्लोरोफॉर्मबरोबर पानातला हिरवा रंग, मेण, चरबी हेही येतं. द्रावण शेवाळासारखं गर्द. मग ते सेपरेटिंग फनेलमध्ये घालून सौम्य आम्लाबरोबर हलवायचं. अल्कलॉइड पुन्हा क्षार होऊन वरच्या पाण्याच्या थरात शिरतं, हिरवा कचरा खालच्या क्लोरोफॉर्ममध्येच राहतो. खालचा थर सोडून द्यायचा. पाण्याच्या थरात परत अमोनिया, परत ताजा क्लोरोफॉर्म, आणि या वेळी क्लोरोफॉर्ममध्ये येतं ते जवळजवळ निव्वळ अल्कलॉइड. तीच वस्तू आम्ल-अल्कलीच्या खेळाने एका थरातून दुसऱ्यात ये-जा करते आणि दर खेपेला बाकीचं मागे टाकते. फनेल जोरात हलवू नये, नाहीतर दोन्ही थरांचा दह्यासारखा पायस होतो आणि तास तिथेच संपतो.

पुढे द्रावक उडवून उरलेला अंश थोड्या आम्लात घ्यायचा आणि ड्रॅगेनडॉर्फचा थेंब टाकायचा. नारिंगी-तांबूस साका आला तर अल्कलॉइड आहे. मेयर, वॅग्नर, हेगर अशी या चाचण्यांची भावंडं आहेत. पण यांतली एकही ‘व्हॅसिसिन आहे’ असं म्हणत नाही. धोत्र्याचा अर्क टाकला तरी नारिंगी साका येईल. ते व्हॅसिसिनच आहे हे ठरवायला टीएलसी, म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी. सिलिका लावलेल्या पट्टीच्या खालच्या कडेला शेजारीशेजारी दोन ठिपके द्यायचे, एक आपल्या अर्काचा, एक शुद्ध व्हॅसिसिनचा, आणि पट्टी द्रावकांच्या मिश्रणात उभी करायची. द्रावक वर चढतो, प्रत्येक घटक आपापल्या गतीने चढतो. नंतर अतिनील प्रकाशात बघून ड्रॅगेनडॉर्फ फवारायचं. अर्कातला एक डाग शुद्ध व्हॅसिसिनच्या उंचीला आला तर ओळख पटली. हेच यंत्रावर मोजून केलं की एचपीटीएलसी, आणि मग लेबलवर छापण्याजोगा आकडा मिळतो.

सॉक्सलेटच्या नळीचं इथे एक वाक्य लिहायला हवं. 1879 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी ती दुधातली चरबी मोजण्यासाठी केली, आणि आता प्रत्येक फार्मसी कॉलेजात ती दिवसभर गुडगुडत असते. तोच द्रावक पुन्हा पुन्हा उडून, थंड होऊन पावडरीवर पडतो, त्यामुळे थोड्या द्रावकात भरपूर काम होतं. अडुळशाला मात्र तासन् तास तापवणं सोसत नाही. हवा आणि उष्णता लागली की व्हॅसिसिनचं काही प्रमाणात व्हॅसिसिनोन होतं, आणि आपण पान नव्हे, आपलंच उपकरण मोजत बसतो.

व्हॅसिसिन हाती लागलं त्याला आता बराच काळ झाला. 1888 मध्ये उटकमंडला मद्रास सरकारच्या सिंकोना लागवडीचे रसायनतज्ज्ञ असलेल्या डेव्हिड हूपर यांनी अडुळशाच्या पानांतून ते वेगळं केलं. पुढे याच हूपर यांनी मुंबईचे विल्यम डायमॉक आणि सी. जे. एच. वॉर्डन यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरची त्या काळातली ती सर्वांत कसून केलेली नोंद. रेणूची रचना कळायला विसाव्या शतकाचं चौथं दशक उजाडलं. अकरा कार्बन, बारा हायड्रोजन, दोन नायट्रोजन, एक ऑक्सिजन, असा लहानसाच रेणू. हरमलमध्येही तो सापडतो, तिथे त्याला पेगॅनिन म्हणतात. 1959 मध्ये अमीन आणि मेहता यांनी ‘नेचर’मध्ये व्हॅसिसिनोन श्वासनलिका सैल करतं असं प्रसिद्ध केलं. नंतर जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत व्हॅसिसिनचा आणखी एक गुण तपासला गेला: ते गर्भाशयाचं आकुंचन घडवतं. घरातल्या झुडपाचा काढा म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. गरोदर बाईने तो स्वतःच्या मनाने घेऊ नये.

जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळीच वाट धरली. व्हॅसिसिनच्या सांगाड्यावरून कल्पना घेतली, त्यातलं एक कडं उघडलं, उरलेल्या बेंझीनच्या कड्यावर ब्रोमीनचे दोन अणू बसवले, टोकाला सायक्लोहेक्झेन जोडलं. 1963 मध्ये ब्रोमहेक्सिन बाजारात आलं. ते श्वासनलिका सैल करत नाही. चिकट कफ पातळ करून बाहेर काढायला मदत करतं. पुढे कळलं की शरीर ब्रोमहेक्सिनचं रूपांतर ॲम्ब्रॉक्सॉलमध्ये करतं, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते स्वतंत्र औषध झालं. आता तर ॲम्ब्रॉक्सॉलची पार्किन्सनच्या आजारावर चाचणी चालू आहे, कारण पेशीतल्या एका बिघडलेल्या एन्झाइमला ते आधार देतं असं दिसलं. बांधावरच्या झुडपाला याची कल्पना असण्याचं कारण नाही, आणि कारखान्यालाही त्या झुडपाची गरज नाही. दोन्ही रेणू साध्या रसायनांपासून बनतात.

मग उरलेल्या दोन बाटल्यांत नेमका काय फरक? कायद्याचा. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात मान्य ग्रंथांची यादी आहे. त्यातला पाठ जसाच्या तसा केला तर ते शास्त्रोक्त औषध. ते काम करतं हे नव्याने सिद्ध करावं लागत नाही. घटक त्याच ग्रंथांतले पण जुळणी कंपनीची स्वतःची असेल तर ते स्वामित्व असलेलं औषध, आणि 2010 नंतर त्याला सुरक्षिततेचा व परिणामाचा काही पुरावा द्यावा लागतो. 30 नोव्हेंबर 2015 च्या अधिसूचनेने तिसरा वर्ग आला, फायटोफार्मास्युटिकल. वनस्पतीच्या अर्काचा शुद्ध केलेला, प्रमाणित भाग, ज्यात निदान चार घटक ओळखून मोजलेले आहेत. इंजेक्शनने द्यायचा नाही. आणि मंजुरी आधुनिक औषधांप्रमाणे माणसांवरच्या चाचण्यांनंतर केंद्रीय औषध नियंत्रकांकडून. चारची अट मला शहाणपणाची वाटते. एकच घटक मोजायचा तर शुद्ध व्हॅसिसिन बाहेरून टाकून आकडा जुळवता येतो. चार घटकांचं परस्पर प्रमाण जुळवायला खरा पाला लागतो. या वाटेने गेलेल्यांत आपल्या ओळखीची एक वनस्पती आहे, वासनवेल. तिची पानं पाण्यात चुरगळली की पाणी जेलीसारखं थिजतं. सन फार्मा आणि दिल्लीची आयसीजीईबी ही संस्था तिच्या अर्कावर डेंग्यूसाठी काम करत होत्या, आणि 2020 मध्ये कोविडवरच्या चाचणीलाही त्यांना परवानगी मिळाली.

तिसऱ्या प्रश्नाबाबत मात्र आपली महाविद्यालयं कच्ची आहेत, आणि हे विषयाच्या प्रेमापोटीच लिहितो. पदव्युत्तर प्रबंधांचा एक ठरलेला साचा झाला आहे. एक वनस्पती घ्यायची, अर्क काढायचा, डीपीपीएचच्या जांभळ्या द्रावणात टाकायचा, ते पिवळं पडलं की ‘अँटिऑक्सिडंट’ म्हणून जाहीर करायचं. जवळपास कुठल्याही हिरव्या पानाचा अर्क ते पिवळं पाडतो, चहाचाही पाडतो. परीक्षानळीत रंग बदलला यावरून माणसाच्या फुप्फुसात काय होईल हे कळत नाही. उंदराला किलोमागे 400 मिलिग्रॅम अर्क देऊन सूज उतरल्याचं दाखवलं तरी तोच हिशेब साठ किलोच्या माणसाला लावून बघा: शरीराच्या पृष्ठभागाप्रमाणे आकडा कमी केला तरी रोज काही ग्रॅम सुका अर्क गिळावा लागेल. त्यापेक्षा एका ओळखीच्या वनस्पतीचा पाला कुठल्या महिन्यात तोडावा, किती वाळवावा, कुठल्या भांड्यात ठेवला तर व्हॅसिसिन टिकतं, एवढं नीट मोजलेला साधासुधा प्रबंध मला जास्त किमतीचा वाटतो. कारखान्याला तोच उपयोगी पडतो.

अडुळशाच्या बाबतीत एक सोय आहे. फांदी खोचली की लागते, तोडलं तरी फुटतं. सगळ्या वनस्पतींचं असं नाही, आणि औषध सापडल्यानंतर झाडाचं काय होतं हा धडा सह्याद्रीतल्या नरक्याकडून घ्यावा लागतो. कॅन्सरवर चालणारं कॅम्पटोथेसिन हे द्रव्य 1966 मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी झाडातून वेगळं केलं. वाणी मूळचे नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. पुढे टॅक्सॉलही याच दोघांनी शोधलं. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच कॅम्पटोथेसिन पश्चिम घाटातल्या नरक्यात सापडलं. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. कॅम्पटोथेसिन स्वतः पाण्यात नीट विरघळत नाही आणि फार विषारी ठरलं. त्यात बदल करून केलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं 1996 मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

इथे ब्रोमहेक्सिनसारखं झालं नाही. ही औषधं बनवायला मूळ रेणू झाडातूनच घेणं स्वस्त पडतं, आणि झाडात तो शंभरात एक भागसुद्धा नसतो. म्हणून सातारा, कोल्हापूर, सिंधुदुर्गाच्या जंगलांतून नरक्याची खोडं-मुळं पोत्यांनी बाहेर गेली. अडुळशाची पानं खुडली तर झुडूप राहतं, नरक्याचं मूळ खणलं तर झाड जातं. विद्यार्थ्यांना शिकवण्याजोगे पर्याय आहेत: लागवड, ऊतिसंवर्धन, मुळाऐवजी पानाफांद्यांतून निष्कर्षण. 2005 मध्ये जम्मूच्या संशोधकांनी नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी वेगळी केली, जी कॅम्पटोथेसिन स्वतः बनवते. बुरशी टाकीत वाढवता आली तर झाडाला हात लावायची गरजच नाही. अडचण अशी की अशा बुरश्या प्रयोगशाळेत पिढ्यान् पिढ्या वाढवल्या की रेणू कमी कमी बनवू लागतात. झाडाबाहेर पडल्यावर त्यांचं काय हरवतं, हे शोधण्यात सध्या बरेच पीएच.डी.चे विद्यार्थी गुंतले आहेत, आणि तोवर माल जंगलातूनच येतो.